फांदी उलटी करून पाहा: भुईआवळीच्या जाती ओळखण्याची रीत

पावसाळा लागून दोन-तीन आठवडे झाले की कुंडीत, अंगणातल्या फरशीच्या फटीत, शेताच्या बांधावर भुईआवळी डोकं वर काढते. चिंचेसारखी बारीक पानं आणि पानांच्या खाली ओळीने लटकलेले आवळ्यासारखे इवले दाणे. एवढं दिसलं की लोक ओळख पटली असं समजतात. पण भुईआवळी या एका नावाखाली आपल्याकडे फिलँथस प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) निदान सहा-सात जाती खपतात. त्यातल्या तीन तर इतक्या सारख्या आहेत की नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून त्यांची जात कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही.

हा घोळ जुना आहे. इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या वनस्पतींच्या नोंदी झाल्या, तेव्हा या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या झाडांना 'फिलँथस निरुरी' हे एकच नाव लावलं गेलं. खरी निरुरी ही अमेरिकेच्या उष्ण भागातली जात. आपल्याकडे ज्यांना निरुरी म्हटलं गेलं, त्या मुख्यतः तीन निराळ्या जाती होत्या: अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस. फ्रॅटर्नसला तर स्वतंत्र नाव 1955 साली मिळालं, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ वेबस्टर यांच्याकडून. तरीही आज कित्येक पुस्तकांत, औषधांच्या लेबलांवर आणि कॉलेजच्या जर्नलमध्ये निरुरीच लिहिलेलं आढळतं. आपल्या अंगणातल्या झाडावर ती चिठ्ठी लावू नका.

जात कळल्याने काय फरक पडतो? आयुर्वेदाच्या सरकारी औषधसंहितेत तामलकी (भुईआवळीचं संस्कृत नाव) म्हणून फ्रॅटर्नसचं नाव आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या दुकानांमधून वाळलेल्या भुईआवळीचे नमुने तपासले होते. त्यातल्या सुमारे पाऊण हिश्श्यात मुख्यतः अमारस निघाली आणि उरलेल्यांत फिलँथसच्याच आणखी पाच जाती. फिलँथिन हा घटक अमारसमध्ये भरपूर असतो, बाकीच्यांत फारच कमी किंवा जवळजवळ नसतोच. तेव्हा वनस्पती गोळा करणारा, ती विकणारा, त्यावर प्रयोग करणारा आणि हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, नमुना देणारा, या प्रत्येकाला नेमकी जात कळायला हवी.

काय लागेल

10 पटीचं भिंग. हे नसेल तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही. 20 पटीचं असेल तर बियांसाठी उत्तम. मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्सही चालते, पण ती धरताना हात हलतो, म्हणून मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा. शिवाय एक सुई, शून्य नंबरचा रंगाचा ब्रश, आलेख कागदाचा तुकडा, काळ्या कार्डशीटचा तुकडा, छोटी टॉर्च आणि कागदाची चार-पाच पाकिटं. प्लास्टिकची पिशवी नको. तीत पानं घामेजतात आणि तासाभरात गळायला लागतात.

वेळ महत्त्वाची आहे. जुलैमध्ये झाडं हिरवीगार दिसतात, पण तेव्हा फळं नसतात आणि फळांशिवाय जात ठरत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत एकाच फांदीवर टोकाला कळ्या, मध्ये फुलं आणि बुडाकडे पिकलेली फळं अशी सगळी सामग्री मिळते. जिथे रोज पाणी घातलं जातं, अशा बागेत वर्षभर मिळते. जायचं ते सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. संध्याकाळी पानं मिटतात, उपटलेलं झाडही थोड्या वेळात पानं मिटून घेतं, आणि मग पानाचा आकार मोजणं म्हणजे डोक्याला ताप.

आधी ती भुईआवळीच आहे ना?

देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती नायटी किंवा दुधी, म्हणजे युफोर्बियाची कुठलीतरी जात. भुईआवळी पूर्वी एरंडाच्या कुळात धरत. आता तिचं आणि आवळ्याचं कुळ वेगळं केलं आहे. तिला चीक नसतो.

मग पानाकडे पाहा. चिंचेचं किंवा लाजाळूचं पान संयुक्त असतं. एका देठावर अनेक पर्णिका असतात आणि पर्णिकेच्या बगलेत, म्हणजे ती देठाला जुळते त्या कोपऱ्यात, कधीही फूल येत नाही. भुईआवळीत जे संयुक्त पान वाटतं, ती खरं तर बारीक फांदी आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक हिरवा तुकडा स्वतंत्र पान आहे. म्हणून तर प्रत्येक पानाच्या बगलेत फूल आणि फळ लटकतं. प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन चिमुकली उपपर्णंही असतात, भिंगातून चटकन दिसतात. आवळ्याच्या झाडाचीही हीच रचना आहे. आवळ्याची ती फांदी अख्खी गळते, त्यामुळे ती आणखीच पानासारखी भासते. फिलँथस हे नावसुद्धा ग्रीक भाषेतल्या पान आणि फूल या दोन शब्दांवरून आलं आहे.

पहिला प्रश्न खोडाला विचारा

झाड मुळासकट उपटा. मुख्य खोडाच्या मधल्या भागावर नीट पाने आहेत, की नुसते तपकिरी त्रिकोणी खवले?

खवले असतील आणि हिरवी पानं फक्त बाजूच्या बारीक फांद्यांवर असतील, तर झाड अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस, युरिनेरिया किंवा टेनेलस यांपैकी एक. मुख्य खोडावरही पूर्ण वाढलेली हिरवी पानं असतील, तर ते मद्रासपटेन्सिस किंवा व्हर्गेटस.

इथे एक चूक हमखास होते. रोप लहान असताना अमारसच्या खोडावरही सुरुवातीच्या काही पेरांना खरी पानं येतात, पुढच्या पेरांना खवले. त्यामुळे बोटभर उंचीच्या रोपावरून हा निर्णय घेऊ नका. झाड निदान वीतभर होऊ द्या आणि खोडाचा मधला भाग पाहा. खवले वाळून गळतात तेव्हा फांदी फुटते त्या जागी त्यांचा व्रण उरतो, तोही पुरावा म्हणून चालतो.

खोडावर पानं असलेल्या दोघी

यांची ओळख सोपी आहे, म्हणून आधी त्यांचं उरकून घेऊ.

मद्रासपटेन्सिसचं पान पाचरीसारखं असतं: देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद, आणि एक ते तीन सेंटिमीटर लांब. बाकीच्या भुईआवळ्यांपेक्षा ते स्पष्टच मोठं दिसतं. मुख्य खोडावर पानं दोन ओळींत न येता खोडाभोवती फिरत येतात. फळ सुमारे 3 मिलिमीटर रुंद. बियांवर बारीक उंचवट्यांच्या ओळीच ओळी असतात, जणू ठिपक्यांची रांगोळी सरळ रेषांत काढली आहे. युनानी औषधांत कनोचा म्हणून जे बी येतं ते हेच. पाण्यात भिजवलं की त्याला सब्जाच्या बीसारखा बुळबुळीतपणा येतो. पठारावरच्या काळ्या जमिनीत, ज्वारी-तुरीच्या शेताच्या कडेला ही शोधावी.

व्हर्गेटसचं पान अरुंद आणि लांबट, जवळजवळ बिनदेठाचं. खोड चपटं किंवा कोनदार, बोटांत फिरवून पाहिलं तर कडा लागतात. तिची पक्की खूण म्हणजे फळाचा देठ. तो सुताएवढा बारीक आणि 5 मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतो, त्यामुळे फळ पानापासून दूर लोंबतं. तीन पुंकेसर सुटे असतात. बियांवर रेषा नसतात, अगदी बारीक पुटकुळ्या असतात. गवताळ माळावर गवतातच लपलेली असते. जुन्या पुस्तकांत हिला सिंप्लेक्स म्हटलेलं सापडेल.

आता फांदी उलटी करा

उरलेल्या पाच जातींचा खरा निकाल फांदीच्या खालच्या बाजूला लागतो. वरून या सगळ्या बहिणी-बहिणी. एक बारीक फांदी खोडापासून तोडा, काळ्या कार्डशीटवर उलटी ठेवा, पानं दोन्ही बाजूंना पसरवा आणि खोडाकडच्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत प्रत्येक बगल भिंगाखालून सरकवत न्या. नर फूल कुठे, मादी कुठे, हे टिपत जा. कागदावर एक रेघ ओढून तिच्यावर 'न' आणि 'मा' लिहीत गेलात तर गोंधळ होत नाही.

नर फूल बारीक असतं आणि मध्ये पिवळसर परागकोश दिसतात. मादी फुलात मध्ये हिरवा गोलसर अंडाशय असतो आणि त्याच्या डोक्यावर तीन दुभंगलेल्या कुक्षी. भुईआवळीच्या फुलात निदलं आणि पाकळ्या असे दोन घेर नसतात. एकच घेर असतो, त्याच्या प्रत्येक तुकड्याला परिदल म्हणतात. ही परिदलं फळ पिकेपर्यंत फळाखाली चांदणीसारखी टिकून राहतात. ओळख पटवण्यात याचा फार मोठा आधार होतो, कारण दीड मिलिमीटरच्या फुलात परिदलं मोजण्यापेक्षा फळाखालची चांदणी मोजणं कितीतरी सोपं. फळ देठासकट तोडा, पालथं घाला आणि टोकं मोजा.

युरिनेरिया: सगळं उलटं असलेली

पाचांमध्ये हीच सगळ्यांत आधी वेगळी निघते. हिची फळं गुळगुळीत नसतात. भिंगातून पाहिलं की फळाच्या अंगावर बारीक खवल्यांसारखे उंचवटे दिसतात, थेट कोवळ्या अंडाशयापासूनच. फळाला देठ जवळजवळ नाहीच, जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणून फळं फांदीच्या पोटाला मण्यांच्या ओळीसारखी घट्ट चिकटलेली असतात. त्यांवर बहुधा लाल छटा किंवा ठिपके असतात.

मांडणीही इतरांच्या उलट आहे. अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस यांच्यात नर फुलं खोडाकडे असतात. युरिनेरियात मादी फुलं खोडाकडे आणि मध्यावर, तर नर फुलं फांदीच्या टोकाकडे. परिदलं सहा. बारीक फांदीच्या दोन्ही कडांना पंखासारखी पातळ पट्टी असते. पान उजेडाकडे धरून कड पाहिली तर आखूड राठ केस दिसतात, बाकीच्यांची कड साफ असते.

हिला लाल भुईआवळी म्हणतात, आणि चुकीची सुरुवात नेमकी या नावापासून होते. उन्हात, पाण्याच्या ताणात वाढलेली अमारसही खोडाला लालबुंद होते आणि सावलीत, नारळी-पोफळीच्या बागेत वाढलेली युरिनेरिया पूर्ण हिरवी असू शकते. रंगावर कधीच विसंबू नका. फळावरून बोट फिरवण्याइतकं ते मोठं नसतं, म्हणून भिंग आणि तिरका उजेड. टॉर्च बाजूने धरली की उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि शंका उरत नाही.

टेनेलस: रोपवाटिकेची पाहुणी

मूळची मस्करीन बेटांची ही जात कुंड्यांतल्या मातीबरोबर जगभर पसरली आहे. विकत आणलेल्या कुंडीत भुईआवळी उगवली तर हिचा संशय आधी घ्यावा. फळाखाली चांदणीला पाच टोकं, त्यामुळे अमारस वाटते. पण अमारसच्या फळाचा देठ दीड-दोन मिलिमीटरचा, हिचा केसासारखा बारीक आणि 4 ते 8 मिलिमीटर लांब. फांदी हलवली की फळं झुलतात. नर फुलात पाच सुटे पुंकेसर असतात. बाकीच्या चौघींत पुंकेसर साधारण तीन आणि त्यांचे तंतू जुळून एक खांब झालेला असतो. पुंकेसर पाहायची गरज खरं तर एवढ्या एका ठिकाणीच पडते.

अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस: इथे घाई नको

आता राहिल्या त्या तीन, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या निरुरी म्हटलं गेलं. तिघींची फळं गुळगुळीत, मोहरीच्या दाण्याएवढी, दोन मिलिमीटरच्या आसपास. तिघींच्या बिया उभ्या रेषांच्या. उंची, पानांची संख्या, रंग या कशातही भरवसा नाही. लागवडीच्या मातीत दोन फूट होणारी अमारस फुटपाथच्या फटीत चार इंचांवर फळते.

दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, चांदणी. पाच टोकं म्हणजे अमारस. सहा म्हणजे फ्रॅटर्नस किंवा डेबिलिस. एकाच फळावर निकाल देऊ नका. अमारसच्या एखाद्या फुलात सहावं परिदल येऊ शकतं आणि सहापैकी एक गळून पडलेलंही असू शकतं. एका झाडाची दहा फळं मोजा, त्यांत नऊ वेळा जो आकडा येईल तो धरा. गळालेल्या परिदलाची खूण म्हणजे चांदणीत एका बाजूला पडलेलं खिंडार. पाचही टोकं सारख्या अंतरावर असतील तर ती मुळातच पाच आहेत.

दुसरी, फुलांची मांडणी. अमारसच्या फांदीत खोडाकडच्या पहिल्या एक-दोन बगलांत फक्त नर फुलं, आणि तिथून टोकापर्यंत जवळजवळ प्रत्येक बगलेत एक नर आणि एक मादी अशी जोडी. फ्रॅटर्नस आणि डेबिलिसमध्ये जोडी नसते. खोडाकडच्या बगलांत नर फुलांचे दोन-तीनचे पुंजके आणि टोकाकडच्या बगलांत एकेकटं मादी फूल.

हे वाचायला सोपं आहे, पण फसगत इथेच होते. अमारसचं नर फूल लवकर गळतं. फांदीच्या मधल्या भागात आठवडाभराचं फळ आलेलं असतं आणि त्याच्या जोडीचा नर केव्हाच गेलेला असतो. तिथे पाहिलं तर 'एकेकटी मादी' दिसते आणि झाडाला फ्रॅटर्नसची चिठ्ठी लागते. म्हणून पाहायचं ते फांदीच्या टोकापासून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बगलेत, जिथे फुलं नुकती उमललेली असतात. त्या जागेच्या मागे, खोडाकडच्या बगलांत, सुईने हळूच फळाचा देठ बाजूला केला तर गळालेल्या नर फुलाचा बारीक थुंटा कधीकधी दिसतो. टोक खुडलेली किंवा किडीने खाल्लेली फांदी या कामाला घेऊच नये. निदान तीन फांद्या पाहाव्यात, एक वरची, एक मधली, एक खालची.

चांदणी आणि मांडणी एकमेकींना दुजोरा देत असतील तर अमारसचं काम झालं. दोन्हींचं उत्तर वेगळं येत असेल तर बहुधा दोन झाडं मिसळली आहेत. एकाच वाफ्यात दोन जाती मुळं गुंतवून वाढतात आणि मूठभर उपटलं की दोन्ही हातात येतात. वाळलेल्या मालातली भेसळ मोठ्या प्रमाणात अशीच होते, मुद्दाम केलेली नसते. झाड एकेक करून उपटा आणि एका पाकिटात एकच झाड ठेवा.

फ्रॅटर्नस आणि डेबिलिस यांना वेगळं करणं या साऱ्यातलं सर्वांत अवघड काम. फ्रॅटर्नसचं पान अरुंद लांबट, दोन्ही टोकांना बोथट गोलसर. परिदलाच्या मध्ये हिरवी पट्टी आणि दोन्ही कडांना रुंद पांढरी किनार. मादी फुलात अंडाशयाच्या बुडाशी एक पातळ तबकडी असते, ती फ्रॅटर्नसमध्ये खोलवर चिरून तिचे अनेक तुकडे झालेले असतात. कोवळं फळ सुईने उचलून बाजूला केलं की परिदलांच्या आत त्या चिरा 20 पटीच्या भिंगातून दिसतात. डेबिलिसचं पान भाल्याच्या पात्यासारखं, मधे रुंद आणि दोन्हीकडे निमुळतं होत जाणारं. पान पाहायचं ते फांदीच्या मधलं, पूर्ण उघडलेलं. फांदीच्या बुडाकडची पानं दोन्ही जातींत आखूड आणि गोलसर येतात, म्हणून ती मोजू नका. दहा पानांची लांबी-रुंदी आलेख कागदावर घ्या. पानं धड इकडची ना तिकडची वाटली आणि तबकडीही नीट दिसली नाही, तर चिठ्ठीवर 'फ्रॅटर्नस-डेबिलिस गट' एवढंच लिहावं. चुकीच्या नावापेक्षा गटाचं नाव कधीही जास्त उपयोगी, कारण पुढच्या माणसाला तपासायला जागा राहते.

बी हा शेवटचा साक्षीदार

फळ पिकलं की तडकून उडतं. तीन कप्पे, प्रत्येकात दोन बिया, म्हणजे एका फळात सहा. पिकत आलेली, पिवळसर झालेली फळं चारही बाजूंनी दुमडलेल्या कागदाच्या पाकिटात घालून उन्हात ठेवा. ती तडकतात तसा कागदावर टपटप आवाज येतो. उघड्या बशीत ठेवाल तर बिया खोलीभर होतील.

ब्रशचं टोक किंचित ओलं करून त्यावर बी उचला आणि काळ्या कार्डशीटवर ठेवा. आकार मोसंब्याच्या फोडीसारखा: पाठ गोल, दोन बाजू सपाट. अमारसची बी सुमारे एक मिलिमीटरची, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. टॉर्च आडवी धरून बी सावकाश फिरवा. अमारसच्या पाठीवर पाच-सहा उभ्या कण्या, म्हणजे बारीक कंगोरे, दिसतात, फोडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत अतिशय बारीक आडव्या रेघा. फ्रॅटर्नसच्या कण्या सहा-सात, डेबिलिसच्या सहा ते आठ. आकडे एकमेकांत मिसळतात, तेव्हा या तिघींतला निकाल कण्या मोजून लावता येत नाही. पण बाकीच्यांना वगळायला बी अचूक आहे. युरिनेरियाच्या बीवर कण्या उभ्या नसून आडव्या असतात, बारा ते पंधरा, चांगल्या धारदार, आणि सपाट बाजूवर बऱ्याचदा एक ते तीन खोल खळगे. टेनेलसवर पुटकुळ्या. खऱ्या अमेरिकन निरुरीवरही पुटकुळ्याच, रेषा नाहीत. बीवर उभ्या कण्या दिसल्या की निरुरीचा प्रश्न तिथेच मिटतो.

बी कच्ची असेल तर यातलं काही दिसत नाही. पांढरी, मऊ, गुळगुळीत बी म्हणजे अजून न पिकलेली बी, कुठलीही वेगळी जात नव्हे. तपकिरी आणि टणक झाली की कण्या उठून दिसतात. वाळून सुरकुतलेल्या कच्च्या बीवरच्या सुरकुत्याही कण्यांसारख्या वाटतात. कण्यांमधलं अंतर सारखं असतं, सुरकुत्यांमधलं नसतं.

वाळलेल्या मालाची तपासणी

दुकानातून आणलेल्या पंचांगात, म्हणजे मुळापासून फळापर्यंत अख्ख्या वाळलेल्या झाडात, पानं बहुतेक गळालेली असतात आणि फांद्यांचा चुरा झालेला असतो. मांडणी पाहायला वाव नाही. अशा वेळी माल चाळणीने चाळून तळाचा बारीक चाळ पांढऱ्या कागदावर पसरा. त्यात फळांची टरफलं, चांदण्या आणि बिया सापडतात. आधी बिया वेचा. निदान तीस-चाळीस बिया पाहा आणि उभ्या कण्यांच्या, आडव्या कण्यांच्या, ठिपक्यांच्या अशा वेगवेगळ्या ढिगांत टाका. दोन प्रकारच्या बिया निघाल्या तर माल मिश्र आहे हे तेवढ्यावरच सिद्ध होतं. चांदण्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवल्या की पुन्हा उघडतात आणि टोकं मोजता येतात. पावडर असेल तर मात्र हातभिंगाचं काम संपतं. तिथे प्रयोगशाळेत रासायनिक किंवा डीएनए तपासणीच हवी.

नमुना आणि फोटो

नमुना दाबताना तासाभराच्या आत कागदात घाला. एक फांदी मुद्दाम उलटी लावा, म्हणजे वाळल्यावरही फुलं-फळं वर दिसतील. हे विसरलं जातं आणि मग हर्बेरियमच्या शीटवर सगळी फळं पानांखाली गाडली जातात. पावसाळी हवेत पहिले चार दिवस रोज वर्तमानपत्र बदला, नाहीतर बुरशी येते आणि पानं फांदीवरून सुटतात. सुटलेली पानं, फळं, बिया फेकू नका, छोट्या पाकिटात घालून त्याच शीटला चिकटवा. फुलं दाबून सपाट झाली की परिदलं मोजणं कठीण जातं, म्हणून दोन-चार फुलं 70 टक्के अल्कोहोलच्या कुपीत वेगळी ठेवा. चिठ्ठीवर जागा, तारीख, माती, उंची यांबरोबर ताज्या फळाचा रंग आणि देठाची लांबी लिहा, कारण वाळल्यावर रंग जातो.

आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर फोटो टाकायचे असतील तर हे सहा हवेत: पूर्ण झाड मुळासकट, खोडाचा मधला भाग, उलटी फांदी, फांदीच्या टोकाकडची बगल जवळून, फळाखालची चांदणी, आणि बी आलेख कागदावर. शेवटचे तीन नसतील तर 'फिलँथस' या प्रजातीवर थांबणंच प्रामाणिकपणाचं. कुठे सापडली याने अंदाज बांधता येतो, निर्णय नाही. एकाच घराच्या पुढच्या अंगणात अमारस आणि मागच्या मोरीजवळच्या ओलाव्यात युरिनेरिया असू शकते.

आणि औषध म्हणून कोणाला द्यायची असेल तर एवढ्या ओळखीवर देऊ नका. कावीळ झालेल्या माणसाला घरच्या काढ्यावर ठेवण्यात दिवस गेले तर यकृताचं न भरून येणारं नुकसान होऊ शकतं. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि उपटलेलं झाड सोबत न्यायचं असेल तर फळांसकट न्या.